धूर आहे, ठिपका नाही

कचेरीत तिला सगळे धूरबाई म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटत नसे. नवऱ्यानं तर आपल्या छापखान्यातून तिच्या मेजावर ठेवायला एक पाटी छापून आणली होती, तिच्यावरही हेच नाव होतं.

काम तसंच होतं. रोज दुपारी दीडच्या सुमाराला उपग्रह डोक्यावरून जायचा. अडीचपर्यंत त्याची चित्रं कचेरीच्या संगणकावर उतरायची आणि चार वाजता धूरबाईला एक पानाचं पत्रक काढायचं असायचं. आज आग कुठं कुठं आहे, धूर कुठून निघालाय, वारा त्याला कुठं नेणार, कुठल्या शाळांनी मुलांना मैदानावर सोडू नये, कुठल्या दवाखान्यांनी दमेकऱ्यांसाठी तयारी ठेवावी, हे सगळं त्यात यायचं. सुगी संपली की पुढच्या पेरणीच्या घाईनं लोक शेतातली धसकटं आणि काड पेटवून देत. त्या सहा आठवड्यांत जाळायला बंदी होती, तरी जाळतच. डोंगरावरचं गवतही नेमकं तेव्हाच वाळून कडकडीत झालेलं असे. उपग्रहाला जिथं जिथं आगीची उष्णता दिसे तिथं नकाशावर लाल ठिपका पडे. त्या ठिपक्यांची यादी घेऊन निरीक्षक गावोगाव जाऊन नोटिसा देत आणि अग्निशमनवालेही तीच यादी बघून बंब कुठं उभे ठेवायचे ते ठरवत.

त्या दिवशी ती पत्रक लिहायला बसणार तोच फोन वाजला. नदीपलीकडच्या एका शाळेतली नर्स बोलत होती.

"तुम्हीच का हवेचं पत्रक काढता?"

"हो, मीच."

"मग जरा खिडकीतून तोंड बाहेर काढून बघा. काल तुम्ही लिहिलंत, आमच्याकडं हवा स्वच्छ. आम्ही मुलं मैदानावर सोडली. आज सकाळपासून माझ्या खोलीत अकरा मुलं खोकतायत. स्वच्छ हवेनं खोकतायत, असं लिहू का मी त्यांच्या आयांना?"

धूरबाईनं दोनदा माफी मागितली आणि फोन ठेवून चित्र उघडलं. धूर होता. त्याबद्दल शंकाच नको. ढगाला काठ असतो आणि खाली त्याची सावली पडते. धुराला काठ नसतो, तो पाण्यात दूध सांडावं तसा पसरत जातो आणि एका टोकाला हमखास निमुळता होतो. ते निमुळतं टोक जिथं, तिथं आग. हे तिला सतरा वर्षांपूर्वी मास्तरांनी शिकवलं होतं. मास्तर म्हणजे त्यांच्या विभागाचे प्रमुख. कचेरीत येण्याआधी ते शाळेत भूगोल शिकवत, म्हणून ते नाव.

धुराचं निमुळतं टोक नदीपलीकडं, कालव्याच्या वळणाजवळ होतं. आणि तिथं एकही लाल ठिपका नव्हता.

आगीशिवाय धूर निघत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. धूरबाईनं कालचं चित्र काढलं, परवाचं काढलं. तिन्ही दिवस तेच. धूर आहे, ठिपका नाही. ती चित्र छापून मास्तरांच्या मेजाशी गेली.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. "ढग असेल," ते म्हणाले.

"ढग?" तिला वाटलं, ते थट्टा करतायत.

"असू शकतो. राहू द्या इथं, मी बघतो." त्यांनी कागद एका फाइलखाली सरकवला. मग ती वळणार तोच, सहज विचारावं तसं म्हणाले, "बाई, तुमचं माहेर तिकडंच ना? कालव्याच्या बाजूला?"

"हो. का?"

"काही नाही. भाऊ अजून कापणीयंत्र चालवतात?"

"चालवतो."

"बरं," मास्तर म्हणाले.

ती जागेवर येऊन बसली, पण चैन पडेना. ज्या माणसानं तिला ढग आणि धूर वेगळे करायला शिकवलं तोच आज धुराला ढग म्हणत होता. आणि तिच्या भावाचा या सगळ्याशी काय संबंध? कुठंतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं वेगळीच वाट धरली. उपग्रहाकडून येणारी मूळ फाइल कोणी सहसा उघडत नसे. ती संगणकातून चाळून निघे आणि मगच ठिपके नकाशावर बसत. मूळ फाइलमध्ये कालव्याच्या वळणाशी नऊ आगी होत्या. चाळून निघालेल्या यादीत एकही नव्हती. म्हणजे उपग्रहाचे डोळे शाबूत होते. ठिपके कचेरीत गळत होते.

चाळणी कसली होती हे तिला माहीत होतं. वीटभट्ट्या, लोखंडाचे कारखाने असल्या बारा महिने तापलेल्या जागाही उपग्रहाला आगीसारख्याच दिसतात. उगाच रोज तिथं बंब धावू नयेत म्हणून अशा जागांची एक कायमची यादी होती. प्रत्येक जागेपुढं एक आकडा, किती मीटरच्या वर्तुळातल्या आगी सोडून द्यायच्या त्याचा. तिनं यादी उघडली. क्रमांक एकशे सत्त्याऐंशी, चुनाभट्टी, कालव्याचं वळण. वर्तुळ अडीच हजार मीटर.

अडीच किलोमीटर! एका चुनाभट्टीला! एवढ्यात तर दोन गावांची शेतं बसली असती, आणि बसलीच होती.

ही नोंद कोणी केली, कधी केली, ते संगणकात दिसत होतं, पण ते बघायची परवानगी फक्त मास्तरांना होती. मूळ नोंदी एका जाड वहीत हातानं लिहिलेल्या होत्या. ती वही हिरव्या कपाटात असे आणि कपाटाची किल्ली मास्तरांच्या खिशात.

"मास्तर, कायमच्या यादीची जुनी वही जरा बघायची होती."

"कशाला?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"असंच. एक नोंद पडताळायची होती."

"बांधणीला दिलीय. पानं सुटली होती."

ती जागेवर परतली. पण कचेरीची सगळी बांधणी तिच्या नवऱ्याच्याच छापखान्यात जाई, हे मास्तर विसरले होते. संध्याकाळी भांडी विसळता विसळता तिनं विचारलं, "अहो, आमच्याकडून वही आलीय का बांधायला? जाड, निळ्या पुठ्ठ्याची?"

"तुमच्याकडून सहा महिन्यांत चिटोरंसुद्धा आलं नाही," नवरा म्हणाला. "का गं?"

तिनं सगळं सांगितलं. नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि हातातला पेला पुसून फळीवर ठेवला. "म्हणजे मास्तर खोटं बोलले."

"तोंडावर."

"अगं, पण हाच माणूस आपल्या लेकीच्या ऑपरेशनच्या वेळी दोन रात्री दवाखान्याच्या बाकावर बसला होता."

"म्हणून तर जास्त लागलंय."

"हे बघ, संशयाला पाय नसतात, पण तो घरभर फिरतो. उद्या तुला माझाही यायला लागेल."

"तुमचा आहेच," ती म्हणाली, आणि दोघं हसले. पण तिचं हसू लवकर विरलं.

त्यानंतर तिला प्रत्येक गोष्ट वेगळीच दिसू लागली. मास्तर फोनवर बोलताना आवाज उतरवत. ती जवळून गेली की पडद्यावरची खिडकी बंद होई. एकदा ती पाणी प्यायला उठली आणि परत आली तर मास्तर तिच्या मेजामागं उभे होते. "पेन शोधत होतो," म्हणाले. पेन त्यांच्या खिशाला होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरीचा कारकून बोलावून तिच्या गेल्या वर्षीच्या रजांचा कागद मागवला. का, ते तिला कोणी सांगेना. नजरानजर झाली की दोघंही दुसरीकडं बघत. सतरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं आपला डबा एकटीनं खाल्ला.

वर्तुळ कोणी मोठं केलं असेल? ज्याच्याकडं किल्ली आणि परवानगी आहे त्यानंच. कशासाठी? ते तिला कळत नव्हतं, पण तिथं जाऊन पाहिल्याशिवाय कळणारही नव्हतं. तिनं एक दिवस रजा टाकली आणि सकाळची बस पकडून माहेरी गेली.

थांब्यावर धाकटा भाऊ गाडी घेऊन उभा होता. लहानपणी तो दिवसभर तोंडानं भुर्र भुर्र करत अंगणात धावायचा, तेव्हापासून त्याचं नाव इंजिन पडलं. चाळिशी आली तरी तेच राहिलं. आता त्याच्याकडं खरंच एक मोठं कापणीयंत्र होतं आणि सुगीत तो या शेतावरून त्या शेतावर हिंडत असे.

"ताई, तू अशी आठवड्याच्या मधेच कशी? भांडून आलीस की काय?"

"भांडायचंय अजून. चल, मला आधी चुनाभट्टीकडं घेऊन चल."

भट्टी सुरूच होती. लहानशी, एका चिमणीची, जिथल्या तिथं. तिच्या कुंपणाबाहेर दोनतीनशे पावलांवर उष्णता जाणवेनाशी झाली. पण त्यापलीकडं जिकडं बघावं तिकडं जमीन काळी. राखेचे पट्टे, त्यांत अजून धुमसणारे ढीग. कालव्याच्या रस्त्यानं काडानं भरलेल्या ट्रॉल्या येत होत्या, त्याही लांबच्या गावांच्या.

"हे लोक आपलं काड इथं आणून का टाकतायत?"

"जाळायला."

"ते दिसतंय मला. इथंच का?"

इंजिन हसला. "इथं नोटीस येत नाही. कालव्याच्या त्या खांबापासून या बाजूला जाळलं तर कोणी विचारत नाही. खांबापलीकडं जाळलं की तिसऱ्या दिवशी निरीक्षक दारात. गेल्या सुगीत दोघातिघांच्या लक्षात आलं, या सुगीत सगळ्यांना ठाऊक झालंय."

"कोणाच्या कृपेनं हे?"

त्यानं तिच्याकडं तिरकं बघितलं आणि एक डोळा मिचकावला. "आता तुला मी काय सांगायचं, ताई?"

"म्हणजे? सांग ना."

"जाऊ दे. झाकली मूठ बरी." आणि तो गाडीकडं वळला.

धूरबाईला वाटलं, याला कोणाचं तरी नाव माहीत आहे आणि तो घाबरतोय. तिनं घरी जाऊन आईच्या हातचा चहा घेतला, पण दोन घोटही गोड लागले नाहीत. आई खोकत होती. "दिवसभर असंच असतं हल्ली," आई म्हणाली. "आमच्याकडची हवा तुमच्या त्या यंत्राला कशी गं दिसत नाही?" लेकीनं मान खाली घातली.

परतीच्या बसमध्ये तिनं मनातल्या मनात पत्र जुळवलं आणि सकाळी कचेरी उघडायच्या आधी ते मोठ्या मॅडमच्या टपालात टाकलं. मोठ्या मॅडम म्हणजे सगळ्या कचेरीच्या प्रमुख. पत्रात तिनं मास्तरांचं नाव लिहिलं. वर्तुळ, वही, बांधणीचं खोटं, सगळं.

त्याच दिवशी वारा फिरला.

अडीच वाजता चित्र उतरलं आणि ती खुर्चीतून उठलीच. कालव्याच्या वळणावरचा धूर आज पुढं डोंगराला जाऊन भिडला होता आणि डोंगराच्या उतारावर त्याचं दुसरं निमुळतं टोक तयार झालं होतं. शेतातली आग उडून गवतात गेली होती. वणवा! आणि उताराचा तो खालचा भाग अजून अडीच किलोमीटरांच्या आत होता. नकाशावर तिथं काहीच नव्हतं. कोरा कागद.

अग्निशमन केंद्राचा माणूस फोनवर वैतागला होता. "बाई, लोक सांगतायत डोंगर पेटलाय. तुमच्या नकाशावर तर काहीच नाही. कोणाचं खरं मानू? माझे सगळे बंब दुसऱ्या टोकाला उभे आहेत."

"लोकांचं खरं माना," ती म्हणाली. "मी सांगते ते लिहून घ्या." तिनं मूळ फाइल उघडली आणि तिथून थेट अक्षांश-रेखांश वाचायला लागली. कचेरीच्या नियमात हे बसत नव्हतं. मूळ फाइल बाहेर द्यायची नाही, असं ठळक लिहिलेलं होतं. ती पाच जागा वाचून दाखवेपर्यंत तिला पलीकडच्या मेजावरून तेच आकडे ऐकू आले. मास्तर दुसऱ्या फोनवर वनखात्याला नेमक्या त्याच जागा सांगत होते.

दोघांनी एकाच वेळी फोन ठेवले. ती त्यांच्या मेजापाशी गेली. त्यांच्या पडद्यावर तीच मूळ फाइल उघडी होती आणि मेजावर गेल्या तीन आठवड्यांची छापील चित्रं पसरली होती. कालव्याच्या वळणावरची प्रत्येक आग लाल पेन्सिलीनं गोल केलेली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "तीन आठवड्यांपासून."

"तुम्हालाही माहीत होतं," मास्तर म्हणाले. "कधीपासून ते मात्र मला कळलेलं नाही."

त्यांच्या बोलण्यातला अर्थ तिला लागायच्या आत शिपाई आला. मोठ्या मॅडमनी दोघांना बोलावलं होतं.

मॅडमच्या मेजावर दोन पाकिटं होती. एक तिचं, ते तिनं ओळखलं. दुसऱ्यावरचं अक्षर मास्तरांचं होतं.

"सकाळी मला दोन पत्रं मिळाली," मॅडम म्हणाल्या. "तुमचं मास्तरांविरुद्ध. मास्तरांचं तुमच्याविरुद्ध. दोन्हींत एकच चुनाभट्टी. तिकडं डोंगर जळतोय, म्हणून मी थोडक्यात विचारते. मास्तर, वही कुठं आहे?"

मास्तरांनी पिशवीतून निळी वही काढली. ते ती रोज घरी नेत होते. त्यांनी खुणेचं पान उघडलं. त्यांच्याच हस्ताक्षरात, आठ वर्षांपूर्वीच्या तारखेला: चुनाभट्टी, कालव्याचं वळण, वर्तुळ २५० मीटर.

"आणि संगणकात दोन हजार पाचशे," मॅडम म्हणाल्या. "ते कोणी भरलं?"

मास्तरांनी एक कागद पुढं केला. गेल्या वर्षी सुगीच्या दोन महिने आधी नवी प्रणाली आली, तेव्हा वहीतल्या तीनशे बारा नोंदी संगणकात उतरवल्या होत्या. कोणी उतरवल्या, त्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं. धूरबाईचं.

तिला आधी कळेचना. मग कळलं. तिनं तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. खोली आठवली, पंख्याची खरखर आठवली, वही शिक्क्यांच्या डब्याला टेकवून ठेवली होती ते आठवलं. एकशे सत्त्याऐंशी क्रमांक मात्र आठवेना. एक शून्य जास्त पडलं तेव्हा ती कशाचा विचार करत होती, कोणाशी बोलत होती, काहीच आठवेना.

"चूक झाली की केली?" मॅडमनी विचारलं.

"झाली."

"तुमच्या माहेरच्या गावाशेजारीच झाली. तीनशे बारा नोंदींत नेमकी तिथंच."

"हो." याहून जास्त काय बोलणार? स्वतःच्या कानांनाही ते खरं वाटेना. पत्रात तिनंच लिहिलं नव्हतं का, एवढं मोठं वर्तुळ आपोआप कसं होईल?

मास्तर खिडकीकडं बघत बोलले. "मला वाटलं, बाईंनी भावासाठी केलं. त्यांचं कापणीयंत्र तिकडं फिरतं. नोंद भरली त्या आठवड्यात त्या माहेरी जाऊन आल्या होत्या का, ते मी रजांच्या कागदावरून पाहिलं. चित्र घेऊन माझ्याकडं आल्या तेव्हा वाटलं, मला किती कळलंय त्याचा अंदाज घेतायत. म्हणून ढग म्हणालो."

"मला विचारलं असतंत तर?" ती म्हणाली.

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

मग मॅडमनी दोन्ही पत्रं एकावर एक ठेवली. "मास्तर, तीन आठवडे तुम्ही यांच्यावर पाळत ठेवलीत. आठवडाभर यांनी तुमच्यावर ठेवली. तेवढे दिवस धूर शाळांत जात होता, आणि वर्तुळ छोटं करायला दोन मिनिटं लागली असती. चौकशी दोघांचीही होईल. आता बाहेर जा आणि आधी ते शून्य काढा."

मास्तरांनी आपल्या परवानगीनं संगणकातली नोंद उघडली आणि धूरबाईनं ती दुरुस्त केली. लगेच नकाशावर ठिपके उगवले, एकामागून एक, एकूण सव्वीस. डोंगर दोन दिवस जळला. माणूस कोणी दगावलं नाही. गुरांचा एक गोठा गेला आणि उतारावरची सगळी झाडी गेली.

त्या संध्याकाळी तिनं भावाला फोन केला. "त्या दिवशी डोळा का मिचकावलास?"

इंजिन अडखळला. मग म्हणाला, "ताई, म्हणजे... ते तू नव्हतं केलंस?"

"मी?"

"मला वाटलं, आपल्या गावासाठी तूच काहीतरी केलंस. उघड बोलायचं नसेल म्हणून मी विचारलं नाही."

"आणि तू लोकांना काय सांगितलंस?"

"आपली ताई वर बसलीय म्हटलं. बिनधास्त जाळा."

तिनं कपाळावर हात मारला. ज्या एका शून्याचा कोणालाही पत्ता नव्हता त्यावर तिच्या सख्ख्या भावानं तिचं नाव लिहून गावभर फिरवलं होतं. निरीक्षकानं आठवड्यात गावकऱ्यांचे जबाब घेतले आणि प्रत्येकानं तेच सांगितलं. त्याची बहीण कचेरीत आहे, तिनंच सोय केलीय.

इंजिन स्वतःहून चौकशीला आला. इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून. "मी फुशारकी मारली," तो मॅडमना म्हणाला. "तिनं मला कधी एक अक्षर सांगितलं नाही."

"तुम्ही भाऊ आहात. बहिणीच्या बाजूनंच बोलणार."

"मग तिच्या विरुद्ध बोललो असतो तर तुम्ही खरं मानलं असतं?" इंजिन म्हणाला. मॅडमनी पुढचा प्रश्न घेतला. पण जबाब लिहिणाऱ्यानं तेही वाक्य लिहून घेतलं, आणि कागदावर ते उद्धट दिसलं.

दीड महिन्यानं निकाल आला. हेतू सिद्ध होत नाही, निष्काळजीपणा सिद्ध होतो. धूरबाईला वर्षभर पत्रकाच्या कामावरून काढून तक्रारींच्या फोनवर बसवलं. मास्तरांना माहिती दडवल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडून गेली. तिला शिक्षा जड वाटली नाही. 'सिद्ध होत नाही' हे शब्द जड वाटले. ते निर्दोष म्हणत नव्हते.

वर्षभर ती फोनवर लोकांचे खोकले ऐकत राहिली. पुढच्या सुगीला तिला जागेवर परत घेतलं. पहिल्याच आठवड्यात चुनाभट्टीच्या बाजूला सात ठिपके पडले. त्यांतला एक कालव्याच्या वळणाला लागून असलेल्या तिकोनी तुकड्यात होता. तो तुकडा तिनं लगेच ओळखला, लहानपणी तिथं ती आणि इंजिन चिंचा वेचत. तिनं सातच्या सात ठिपके पत्रकात घातले.

चौथ्या दिवशी फोन आला. "ताई, मला नोटीस आलीय."

"माहीत आहे."

"तू टाकलंस माझं शेत?"

"उपग्रहानं टाकलं. मी काढलं नाही."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन महिने त्याचा फोन नाही. आईकडून कळलं की गावात आता दोन तट आहेत. काही म्हणतात, हिनं सख्ख्या भावालाही सोडलं नाही. बाकीचे म्हणतात, अहो, हे तर दाखवायला, जुनं झाकायला. आईनं हे सांगितलं तेव्हा धूरबाईला रडू यायला हवं होतं, पण हसू आलं.

कायमच्या यादीसाठी आता नवा नियम होता. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ताडायचं, दोघांनी सही करायची. एके दिवशी वाचायला मास्तर होते आणि ताडायला ती. वही मध्ये होती. वाचता वाचता मास्तर थांबले.

"एक विचारू, बाई? राग नाही ना येणार?"

"विचारा. न विचारल्याचं फळ आपण बघितलंय."

"माझ्यावरचा तुमचा संशय गेला का?"

तिनं खरोखरच विचार केला. बांधणीचं खोटं आठवलं, मेजामागं उभं राहणं आठवलं. "बहुतेक गेला," ती म्हणाली. "तुमचा?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "बहुतेक."

दोघंही थोडं हसले. मग मास्तरांनी बोटानं ओळ धरली आणि पुढचा आकडा मोठ्यानं, एकेक अंक सुटा करून वाचला. तिनं तो पडद्यावर शोधला, अंकाला अंक लावून पाहिला आणि सही केली.